सीडी६८ पॉझिटिव्ह आला आणि मी थांबले

पॅथॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होते. रुग्ण पन्नाशीचे. कमरेवर, मांड्यांवर आठ वर्षांचे चट्टे. गजकर्ण समजून मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची मलमं लावून झालेली. चट्ट्याची बायोप्सी स्पष्ट होती: मायकोसिस फंगॉइडिस, त्वचेचा टी-सेल लिम्फोमा. मग पाठीवर दोन सेंटिमीटरची गाठ आली.

तिच्या स्लाइडवर मोठ्या, फिकट हिस्टिओसाइट्स (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) पसरलेल्या होत्या. मी सीडी६८ हा हिस्टिओसाइट्स रंगवणारा मार्कर लावला, पॉझिटिव्ह आला, आणि 'ग्रॅन्युलोमॅटस मायकोसिस फंगॉइडिस', म्हणजे हिस्टिओसाइट्सचे पुंजके असलेला तोच लिम्फोमा, असं लिहून टाकलं.

नवीन जेआरनी (ज्युनिअर रेसिडेंट्सनी) हे नीट वाचा. सीडी६८ क्षयाच्या ग्रॅन्युलोमात येतो, कुष्ठरोगात येतो, भरत आलेल्या जखमेतही येतो. पेशी हिस्टिओसाइट आहे एवढंच तो सांगतो. कोणत्या जातीची, ते नाही. त्यासाठी एस१०० आणि सीडी१ए हे आणखी दोन मार्कर हवेत. दोन्ही पॉझिटिव्ह, सोबत लँगरिन हा तिसरा मार्करही, तर लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस या वेगळ्या आजाराचा विचार करा. एस१०० पॉझिटिव्ह, सीडी१ए निगेटिव्ह, आणि पेशीच्या पोटात अख्खे लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतील तर रोझाई-डॉर्फमन, हिस्टिओसाइट्स साठत जाण्याचा आजार. एस१०० मुळे पेशी तपकिरी होते आणि आतले लिम्फोसाइट्स न रंगता उठून दिसतात. १९६९ मध्ये रोझाई आणि डॉर्फमन यांनी हा आजार मांडला तो सुजलेल्या लिम्फ नोड्सच्या संदर्भात, म्हणून त्वचेची स्लाइड बघताना तो सुचतच नाही. पण नोड्स अगदी ठीक असतानाही तो नुसत्या त्वचेत होतो.

आमच्या रुग्णाची गाठ रोझाई-डॉर्फमनचीच निघाली. त्यातले लिम्फोसाइट्स लहान, सीडी७ (लिम्फोमाच्या पेशींतून बहुधा हरवणारा मार्कर) शाबूत, भोवती भरपूर प्लाझ्मा पेशी. हे सगळं माझ्या स्लाइडवर आधीपासून होतं.

आणि हा नुसता नावाचा फरक नाही. एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी मायकोसिसची गाठ म्हणजे टी३, स्टेज टू-बी, पुढे गेलेला आजार. गाठ दुसऱ्या आजाराची असेल तर रुग्ण चट्ट्यांच्याच स्टेजला राहतो, इथे वन-बी, म्हणजे सुरुवातीच्या. माझ्या रिपोर्टवरून केमोची चर्चा सुरू झाली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मार्करचे पैसे रुग्णाच्या खिशातून जातात, म्हणून हात आखडतो, कळतं मला. एकच परवडत असेल तर अशा स्लाइडवर आधी एस१०० लावा. आणि फोटो ग्रुपवर टाकून निदान मागू नका, माझं ठाम मत आहे. आमच्या सरांनी दहा मिनिटं लो पॉवरवर अख्खी स्लाइड फिरवली, तेव्हा कुठे ते म्हणाले, "एस१०० कुठंय?" असे सर मिळाले तर त्यांच्या शेजारची खुर्ची सोडू नका.

एकाच त्वचेत हे दोन आजार फार क्वचित भेटतात. चुकलात तर तुम्ही नालायक ठरत नाही. मात्र चट्टा आणि गाठ, दोन्हींची वेगळी बायोप्सी मागा, आणि शक्य असेल तर त्याआधी दोन ते चार आठवडे स्टिरॉइडचं मलम बंद ठेवायला सांगा.

सुधारित रिपोर्ट मी स्वतः स्किन ओपीडीत नेऊन दिला. गाठ काढली. चट्ट्यांना नॅरोबँड यूव्हीबी सुरू आहे.