नॅशनल फॉरेस्टमध्ये नदीकाठी ग्रुप कॅम्पिंग करताय? मेन्यूच्या आधी नदी बघा

अमेरिकेत पाच-सहा फॅमिलींचं मिळून कॅम्पिंग ठरलं की व्हॉट्सॲपवर आठवडाभर नुसता मेन्यू चालतो, कोण काय आणणार, किती जणांचं आणणार, आणि नदीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा पाहिजे. टेंट कुठे लागणार, रात्री पाणी वाढलं तर कुठल्या बाजूला जायचं आणि पोरांवर नजर कोणाची, हे तीन प्रश्न आधी सोडवा, जेवणाचं काय, ते जमतंच.

आधी बुकिंग. नॅशनल फॉरेस्ट म्हणजे नॅशनल पार्क नाही, ही जंगलं कृषी खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे असतात आणि नियम जागेप्रमाणे बदलतात. बऱ्याच ग्रुप साइट, म्हणजे मोठ्या ग्रुपसाठी राखलेल्या कॅम्पिंगच्या जागा, रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंग वेबसाइटवर मिळतात, काही तर वर्षभर आधी उघडतात आणि उन्हाळ्यातले वीकेंड पटापट जातात. साइटवर माणसं किती आणि गाड्या किती चालतात हे दोन्ही बघा, गाड्यांचा आकडा लोक हमखास विसरतात. कॅम्पग्राउंड सोडून जंगलात कुठेतरी मोकळ्यावर राहणार असाल तर तिथे टॉयलेट नाही, नळ नाही, कचरापेटी नाही, त्यामुळे लहान मुलं असलेल्या मोठ्या ग्रुपने पहिल्यांदा त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. आणि 75 किंवा जास्त माणसं जमणार असतील तर वेगळं परमिट लागतं. निघायच्या दोन दिवस आधी रेंजर स्टेशनला, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसच्या तिथल्या ऑफिसला, फोन करा आणि चारच गोष्टी विचारा: रस्ता उघडा आहे का, आग पेटवायला बंदी आहे का, अस्वलांसाठी खाणं ठेवायचे काय नियम आहेत, आणि नदीला पाणी किती आहे.

आता नदी. 11 जून 2010 च्या पहाटे अर्कान्सामधल्या वॉशिटा नॅशनल फॉरेस्टमध्ये अल्बर्ट पाइक या कॅम्पग्राउंडवर लिटल मिसुरी नदीला अचानक पूर आला, माणसं टेंटमध्ये आणि आरव्हीमध्ये (राहायची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांत) झोपलेली होती, 20 जणांचा जीव गेला. दरी अरुंद असली की वर पडलेला पाऊस बघता बघता खाली येतो, आणि तुमच्या डोक्यावर त्या वेळी चांदणं सुद्धा असू शकतं. म्हणून हवामान बघताना फक्त कॅम्पचं बघू नका, नदी जिथून येते त्या वरच्या भागाचं पण बघा. बऱ्याच नद्यांची पातळी यूएसजीएस या अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या वेबसाइटवर दिसते, ती घरूनच बघून घ्या कारण तिथे रेंज असेलच असं नाही, आणि त्याच कारणासाठी बॅटरीवर चालणारा, हवामानाचे इशारे देणारा वेदर रेडिओ सोबत ठेवा.

पोचल्यावर गाडीतून टेंट बाहेर काढायच्या आधी काठाने एक चक्कर मारा. झाडांच्या फांद्यांत वाळलेल्या काड्या, गवत, कचरा अडकलेला दिसतो का? तिथपर्यंत पाणी कधीतरी आलेलं आहे, तुम्ही त्याच्याही वर झोपा. पाण्यापासून 200 फूट म्हणजे साधारण 70 पावलं लांब राहायला बऱ्याच ठिकाणी सांगतात, पण आखून दिलेली साइट असेल तर तिच्या हद्दीत राहूनच त्यातल्या त्यात उंच जागा निवडा. पश्चिमेकडच्या डोंगरांत मे-जूनमध्ये बर्फ वितळत असतो, दिवसभर वितळलेलं पाणी खाली पोचेपर्यंत संध्याकाळ किंवा रात्र होते, त्यामुळे सकाळी गुडघाभर वाटलेली नदी रात्री तशीच असेल असं धरू नका. उजेड आहे तोवर सगळ्यांना, अगदी आजी-आजोबांना सुद्धा, वर चढायची वाट दाखवून ठेवा, गाड्या तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा. पण रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, एक फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या ओढून नेतं. मग पायीच वर.

पोरांचं सांगते. मोठा ग्रुप असला की प्रत्येकाला वाटतं दुसरं कोणीतरी बघतंय, आणि खरा धोका तोच. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावा, ज्याची पाळी त्याच्या गळ्यात शिट्टी, हातात फोन नाही, आणि शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात गेल्याशिवाय जागा सोडायची नाही. लहान मुलांना कोस्ट गार्डने मान्य केलेलं लाइफ जॅकेट, हवा भरायचे फ्लोटी चालत नाहीत. वाहत्या पाण्यात कोणी पडलं तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, दगडात पाय अडकतो, पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, आणि हळूहळू काठाकडे. हे पोरांना कोरड्या जमिनीवर झोपवून करून दाखवा, त्यांना मजा पण येते.

नदीचं पाणी कितीही नितळ दिसू दे, प्यायचं असेल तर फिल्टर करा नाहीतर खळखळ उकळी आल्यावर 1 मिनिट उकळा, 6,500 फुटांच्या वर असाल तर 3 मिनिटं. भांडी नदीत धुवायची नाहीत, साबण बायोडिग्रेडेबल असला तरी नाही. टॉयलेट नसेल तर पाण्यापासून तेच 200 फूट लांब, 6 ते 8 इंच खोल खड्डा, वापरलेला कागद पिशवीत भरून परत.

खाण्याची एकही वस्तू टेंटमध्ये नको, टूथपेस्ट सुद्धा नको, सगळं अस्वलाला उघडता येणार नाही अशा लोखंडी पेटीत किंवा तिथला नियम सांगेल तसं. लाकडं घरून नेऊ नका, त्यातून झाडं मारणारे किडे नव्या जंगलात जातात, तिथेच जवळपास विकत घ्या. आग बंदी असली तर बटण फिरवून बंद होणारा गॅस स्टोव्ह बहुतेक वेळा चालतो, तरी विचारून घ्या. निघताना राखेत पाणी ओता, ढवळा, परत ओता, आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा, जरा जरी ऊब लागली तरी अजून पाणी, आणि हे काम एकाच माणसाच्या नावावर आधीच लिहून ठेवा म्हणजे सामान भरायच्या गडबडीत राहणार नाही.