गोचीड गाईवर दिसते, पण राहते भिंतीत

आठ-दहा दिवस पाऊस लागून राहिला आणि मग उघडीप पडून उकाडा वाढला, की पुढच्या तीन-चार आठवड्यांत गोठ्यात गोचीड वाढणार हे धरूनच चाला. जुलै ते ऑक्टोबर हा तिचा हंगाम. नगर, पुणे, सातारा, सोलापूर, कोल्हापूर या दूधपट्ट्यात होल्स्टिन आणि जर्सी संकरित गाई याच दिवसांत गोचीड तापाने दगावतात. बहुतेक ठिकाणी प्रकार एकच असतो. गाईच्या अंगावर औषध मारलेले असते, कधी दोनदाही मारलेले असते, आणि गाय ज्या भिंतीला बांधतात त्या भिंतीला कुणी हातही लावलेला नसतो.

आज रात्री जेवण झाल्यावर बॅटरी घेऊन गोठ्यात जा. सायकलच्या चाकाची एक तार घ्या आणि गव्हाणीमागच्या भेगेत, खुंट्याच्या बुडाशी, दाराच्या चौकटीमागे हळूच फिरवून बाहेर ओढा. तारेला तपकिरी, चपट्या, पायांवर पट्टे असलेल्या गोचिडी लागून आल्या, किंवा साबुदाण्याहून बारीक चकचकीत अंड्यांचा पुंजका आला, तर तुमचा गोठा भरलेला आहे. मग गाईचे अंग कितीही स्वच्छ दिसो.

हे असे का होते ते समजून घ्या. आपल्याकडे त्रास देणाऱ्या गोचिडी मुख्यतः दोन. एक निळसर राखाडी, रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढी फुगणारी. ही लहानाची मोठी एकाच जनावराच्या अंगावर होते, त्याला साधारण तीन आठवडे लागतात. पोट भरले की मादी खाली पडते, आडोशाला जाते, दोन ते तीन हजार अंडी घालते आणि मरते. दुसरी तपकिरी, पट्टेदार पायांची. ही जनावरावर चढते, रक्त पिते, उतरून भिंतीत कात टाकते आणि पुन्हा चढते. गोचीड ताप, म्हणजे थायलेरिओसिस, पसरवते ती ही. लहानपणी आजारी किंवा बरे झालेल्या जनावराचे रक्त पिऊन तिने रोगजंतू घेतलेला असतो. भेगेत बसून ती मोठी होते आणि पुढच्या गाईला तो देते. भुकेली गोचीड भेगेत महिनोन्महिने जिवंत राहते, त्यामुळे महिनाभर गोठा रिकामा ठेवल्याने काही साधत नाही.

म्हणून कामाचा क्रम उलटा करा. आधी भिंत, मग गाय, आणि दोन्ही एकाच दिवशी.

गोठ्याची कामे:
– जनावरे, चारा, दूधाची भांडी बाहेर, गव्हाण रिकामी
– भेगा तारेने, खराट्याने खरवडणे. निघालेला कचरा जाळणे, उकिरड्यावर टाकणे नाही
– मातीची जमीन असेल तर वरचा दोन बोटे थर खरडून काढणे
– उकिरडा गोठ्यापासून लांब नेणे
– औषध फवारणी, पूर्ण वाळल्यावरच जनावरे आत
– गव्हाण धुऊन मगच वैरण

दगडी किंवा विटांच्या भिंतीला फ्लेम गन, म्हणजे ज्योत फेकणारी नळी, उत्तम. ज्योत भेगेवर सावकाश फिरवा, आतून तडतड आवाज येतो, तो फुगलेल्या माद्या फुटण्याचा. आवाज थांबला की पुढे सरका. वर गवताचे छप्पर असेल किंवा शेजारी कडब्याची गंज असेल तर फ्लेम गनचा विचारही नको. जाळून झाल्यावर भेगा सिमेंट-वाळूने भरा आणि चुना मारा. कुडाची किंवा मातीची भिंत असेल तर शेणमातीत बारीक भुसा मिसळून लिंपा, नुसती शेणमाती वाळली की पुन्हा तडकते आणि गोचिडीला नवीन घर मिळते. फवारणी कमरेएवढ्या उंचीपर्यंत करून थांबू नका, वाशापर्यंत न्या. मुक्त गोठा, म्हणजे जनावरे न बांधता कुंपणात मोकळी ठेवायचा गोठा, केला म्हणून निर्धास्त राहू नये. कुंपणाच्या लाकडी खांबांची सुटलेली साल ही भेगच असते. मुक्त गोठ्यात पाच-सहा गावरान कोंबड्या सोडा. त्या सगळे साफ करत नाहीत, पण खाली पडलेल्या माद्या बऱ्यापैकी टिपतात.

आता गाय. डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के किंवा अमिट्राझ १२.५ टक्के, दोन्हीपैकी एक, २ मिली एक लिटर पाण्यात. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. गोठ्याच्या भिंतीसाठीचे प्रमाण याहून जास्त असते आणि लेबलवर वेगळे छापलेले असते, ते वाचून घ्या. खरी चूक औषधाच्या प्रमाणात होत नाही, द्रावण अपुरे मारण्यात होते. मोठ्या गाईला ३ ते ५ लिटर द्रावण लागते, वासराला एक-दीड लिटर. एका पंपात चार गाई होतात, दहा नाही. पाठीवर शिंतोडे उडवून भागत नाही. कानाच्या आत, मानेखालची पोळी, जांघ, कास, शेपटीचे बूड, खुरांच्या बेचक्या, इथे केसांच्या उलट दिशेने औषध मुरवावे लागते. वासराच्या कानात मोहरी सांडल्यासारखे दिसले तर ती गोचिडीची पिल्ले समजा.

फवारणीआधी जनावराला पोटभर पाणी पाजा, तहानलेले जनावर अंग चाटते. सकाळचे दूध काढून झाल्यावर, उघडीप असलेल्या दिवशी, भर दुपार टाळून फवारा. कास धुतल्याशिवाय संध्याकाळची धार काढू नका. तणनाशकाचा पंप वापरू नका. अमिट्राझ घोड्याला मारू नका. कालवलेले द्रावण उद्यासाठी ठेवू नका.

दुसरा हात १५ दिवसांनी, तिसरा पुन्हा १५ दिवसांनी, गोठ्यासह. पहिल्या फवारणीत अंडी मरत नाहीत, ती नंतर फुटतात, आणि लोक नेमके तिथेच थांबतात.

दुकानदार काय सांगेल तेही ठाऊक असू द्या. ‘पिकाचे कडक औषध थोडे मिसळा’ हे ऐकलेत तर दुकानातून बाहेर पडा. क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉससारखी पिकाची औषधे अंगावर मारली की गाय लाळ गाळते, थरथरते, श्वास लागतो आणि काही तासांत संपते. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दुभत्या गाईला देऊ नये, औषध दुधात उतरते. पाठीवर ओतायचे फ्लुमेथ्रिन १ टक्का चांगले आहे, १० किलो वजनाला १ मिली याप्रमाणे. पण ४०० किलोच्या गाईला ४० मिली झाले, त्याचा हिशोब करा. एवढे महागडे ओतूनही भिंत तशीच असेल तर महिन्याभरात पुन्हा बाटली घ्यायला जाल. दुकानाला त्यात तोटा नाही.

औषध लागू पडत नाही असे वाटले तर आधी घरी तपासा. फुगलेल्या दहा माद्या चिमट्याने काढा, बरोबर प्रमाणातल्या द्रावणात दोन मिनिटे बुडवा, कागदावर टिपा आणि तोंडाला फडके बांधलेल्या बरणीत दोन आठवडे ठेवा. बऱ्याच माद्यांनी अंडी घातली तर ते औषध तुमच्या गोठ्यात थकले आहे, दुसऱ्या गटातले घ्या. डेल्टामेथ्रिन थकले असेल तर सायपरमेथ्रिन नको, ते त्याचेच भावंड, अमिट्राझकडे वळा. बरणीत नंतर उकळते पाणी ओता.

गोचिडी थोड्या असतील तर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सांगितलेला पाला वापरून पाहा. लसणाच्या १० पाकळ्या, मूठभर कडुलिंबाचा पाला, मूठभर लिंबोळ्या, वेखंड १० ग्रॅम, हळद २० ग्रॅम, मूठभर घाणेरीचा पाला, मूठभर तुळस. वाटून एक लिटर पाण्यात कालवा, गाळा, उन्हाच्या वेळी अंगावर आणि भेगांतही मारा, आठवड्याला एकदा. गोठा गच्च भरलेला असेल तर एकट्या पाल्यावर विसंबू नये.

ताप आला तर तासांचा हिशोब असतो. थर्मामीटर घरात ठेवाच. १०४ ते १०६ अंश फॅरनहाइट ताप, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली, डोळ्यांतून पाणी, डोळ्याची आतली त्वचा फिकी, रवंथ बंद, हा थायलेरिओसिस. लघवी कॉफीसारखी लाल-काळी झाली तर बबेसिओसिस, हाही गोचिडीचाच आजार. लघवी साफ, पण त्वचा पिवळट आणि शेण घट्ट, तर ॲनाप्लाज्मोसिसचा संशय. तिन्हींची औषधे वेगळी आहेत. बुपारव्हाक्वोन फक्त पहिल्यावर चालते, किलोला २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ४०० किलोच्या गाईला १००० मिलिग्रॅम, मिलीला ५० मिलिग्रॅमच्या औषधाचे २० मिली. ते महाग आहे, म्हणून अंदाजाने टोचून घेऊ नका. कोणतेही इंजेक्शन देण्याआधी कानाच्या टोकाच्या रक्ताची काचपट्टी तपासणीसाठी डॉक्टरांकडून करून घ्या, तापात असतानाच. प्रतिजैविक टोचल्यावर घेतलेली पट्टी फसवू शकते.

गोचीड जंतू देण्याआधी दोन-तीन दिवस चिकटून बसते. त्यामुळे संकरित वासरांच्या अंगावरून दर दुसऱ्या दिवशी हात फिरवून त्या काढणे हे फुकटचे आणि फार मोलाचे काम. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि फिनेलच्या पाण्यात टाका. बोटांनी चिरडू नका. क्रिमियन-काँगो ताप माणसाला असाच लागतो, गुजरातेत २०११ मध्ये तो सापडला आहे. खिल्लार, देवणी, लाल कंधारी तग धरतात, पण त्यांच्या अंगावर वाढलेली गोचीड शेजारच्या होल्स्टिनचा जीव घेते, म्हणून त्यांनाही वगळू नका. संकरित वासरांसाठी थायलेरियाची लस आहे, ती द्रव नत्रात ठेवावी लागते, त्यामुळे पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा.

दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्यातल्या सत्तरीकडच्यांनी रानातला पाचोळा गोठ्यात अंथरायला आणणे बंद करावे. माणसाला होणाऱ्या माकडतापाची गोचीड वेगळी, रानातली आहे, आणि डिसेंबर ते मे हा तिच्या पिल्लांचा काळ. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा, काजूच्या बागेत जाताना अंगभर कपडे घाला.

बाजारातून नवी गाय आणली तर गाडीतून उतरताच फवारा आणि तीन आठवडे वेगळी बांधा. झाडाखाली बांधा, जुन्या गोठ्याच्या भिंतीला लागून नाही.