लॅव्हनमच्या चर्चचे छायाचित्रण

इंग्लंडमधील सफोक परगण्यातल्या लॅव्हनम या छोट्या गावातील सेंट पीटर अँड सेंट पॉल चर्च लोकरीच्या व्यापारातील पैशावर मुख्यतः १४८५ ते १५२५ या काळात उभे राहिले असून त्याचा मनोरा सुमारे ४३ मीटर उंच आहे. जवळ उभे राहून कॅमेरा वर वळवला, तर हा मनोरा मागे कललेला दिसतो. म्हणून शक्य तितके दूर जावे, कॅमेरा समपातळीत धरावा आणि चौकट उभी ठेवावी. मनोरा पश्चिम टोकाला असल्याने त्याच्या दर्शनी बाजूवर ऊन दुपारनंतरच येते, आणि मला विशेष प्रिय असलेले गारगोटीच्या दगडांचे काम तिरप्या उन्हातच उठून दिसते. आत तिपाई लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी, तर प्रार्थनेच्या वेळी छायाचित्रण पूर्णपणे टाळावे.