रेव्हिटमधून डीडब्ल्यूजी काढताना: नावं बदलणाऱ्या स्क्रिप्टने मला कसं फसवलं

रेव्हिट या इमारतींची ड्रॉइंग करायच्या सॉफ्टवेअरमधून शीटं, म्हणजे ड्रॉइंगची पानं, फाइली म्हणून काढताना पीडीएफची काळजी करू नका. रेव्हिट २०२२ पासून पीडीएफ एक्स्पोर्टमध्येच नेमिंग रूल आहे, म्हणजे फाइलींची नावं कशी पडावीत ते ठरवता येतं. शीट नंबर, शीट नेम, करंट रिव्हिजन एकदा लावून सेटअप सेव्ह करा. सगळी शीटं एकाच फाइलीत जोडायची टिकमार्क मात्र काढून ठेवा.

मी अडकलो डीडब्ल्यूजीत, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फाइलींत. माझ्या आवृत्तीत आपोआप मिळणारी नावं लांबलचक होती, प्रत्येकाच्या पुढे मॉडेलचं नाव. एका सीनियरने नावं कापणारी स्क्रिप्ट दिली. ३८ शीटं होती, फोल्डरमध्ये फाइली शंभरावर. एवढ्या का, हे मी विचारलं नाही. नावं सुटसुटीत झाली आणि मी सगळं साइटवर पाठवून दिलं.

सकाळी फोन आला, ‘ड्रॉइंग कोरी आहेत.’ उघडून पाहिलं तर चौकट होती, टायटल ब्लॉक होता, आणि प्लॅनच्या जागी फाइलीच्या नावाची एक बारीक ओळ. स्लॅबचं चेकिंग त्या दिवशी माझ्यामुळे थांबलं. ते अजून मनातून जात नाही.

हे नीट समजून घ्या. डीडब्ल्यूजीच्या एक्स्पोर्टमध्ये शीटवरचे व्ह्यू (प्लॅन, सेक्शन वगैरे) एक्सरेफ म्हणून, म्हणजे बाहेरून जोडलेल्या फाइली म्हणून, काढायची एक टिकमार्क असते. ती चालू असली की प्लॅन शीटच्या फाइलीत नसतोच, प्रत्येक व्ह्यूची वेगळी फाइल निघते. शीटमध्ये राहतं फक्त त्या फाइलीचं नाव. बाहेरून तुम्ही नाव बदललंत तरी शीट जुन्याच नावाने शोधत राहते. फाइल तिथेच शेजारी पडलेली असते, पण सापडत नाही.

म्हणून आधी ती टिकमार्क काढा. एका शीटची एकच फाइल निघाली की नावं खुशाल बदला, काही बिघडत नाही. डायनामो किंवा पायरेव्हिट या रेव्हिटमध्ये स्क्रिप्ट चालवायच्या टूलमधून करत असाल तर मर्ज्डव्ह्यूज (MergedViews, व्ह्यू शीटच्याच फाइलीत ठेवणारा पर्याय) ट्रू ठेवा आणि नाव एक्स्पोर्ट होतानाच द्या. कन्सल्टंटला एक्सरेफच हवे असतील तर नंतर नावांना हात लावू नका.

माझं ठाम मत आहे, पहिला महिनाभर नावं हाताने द्या. कंटाळा येतो, पण कुठली फाइल कशाला जोडलेली आहे ते कळतं. आणि स्क्रिप्ट हातात ठेवून निघून जाणाऱ्यापेक्षा शेजारी बसून एक शीट उघडायला लावणारा सीनियर धरा.

जमेल तुम्हाला, दोन दिवसांचं काम आहे. फक्त पाठवण्याआधी सगळं एका रिकाम्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तिथून तीन-चार शीटं उघडून पाहा. मी नावंच तपासली होती, फाइल एकही उघडली नव्हती.