गणपतीच्या सुट्टीत पक्षी बघायचे असतील तर

दर वर्षी डिसेंबर आला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, काय मग, पक्षी आले का? आणि मी दर वर्षी सांगतो की अहो ते श्रावणातच आले, तुम्ही तेव्हा भजी खात होतात. थट्टा सोडा, पण आपल्याकडे पक्षी बघणं म्हणजे थंडी आणि फ्लेमिंगो असं डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ऑगस्ट-सप्टेंबरचे सहा-सात आठवडे बहुतेक लोक घालवतात, आणि माझ्या मते पक्षी ओळखायला शिकायचं असेल तर तोच सगळ्यात भारी काळ आहे.

कारण सांगतो. लडाख, तिबेट, सायबेरिया इकडचा उन्हाळा फार छोटा असतो. तिथे जूनमध्ये अंडी घातली, पिल्लं निघाली, की खाडीकाठच्या पक्ष्यांतले बरेच मोठे पक्षी लगेच दक्षिणेकडे निघतात, काही जातींत तर मादी पिल्लं नरावर सोडून आधीच चालू पडते. म्हणून जुलै संपता संपता आपल्या खाड्यांवर पहिले पाहुणे दिसायला लागतात, आणि त्यांच्या अंगावर अजून विणीच्या हंगामातले रंग असतात, विरलेले, मध्येमध्ये उडालेले, पण असतात. कर्ल्यू सँडपायपर, म्हणजे खाली वळलेल्या चोचीचा एक छोटा खाडीपक्षी, डिसेंबरात बघाल तर राखाडी, कंटाळवाणा. तोच ऑगस्टच्या शेवटी बघा, पोटावर विटकरी रंगाचे ठिगळ लावल्यासारखे डाग. पिल्लं नंतर येतात, सप्टेंबरात, आई-बापांशिवाय, आधी कधीही न बघितलेल्या रस्त्याने. त्यांची पिसं कोरी असतात, प्रत्येक पिसाला फिकट कडा, त्यामुळे पाठीवर खवले असल्यासारखं दिसतं. विरलेला शर्ट तो मोठा आणि नवा कोरा युनिफॉर्म ते पिल्लू, एवढं लक्षात ठेवलं तरी काम होतं.

आता खाडीवर कधी जायचं. इथेच सगळे चुकतात, मीही चुकलो होतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा पहाटे पाचला उठून, लोकल पकडून, मोठ्या उत्साहात पोचलो आणि समोर अर्धा किलोमीटर चिखल, त्याच्या पार टोकाला मोहरीच्या दाण्याएवढे ठिपके. पूर्ण ओहोटी होती. पक्षी पाण्याच्या कडेकडेने खातात, पाणी लांब गेलं की तेही लांब जातात. खाडीवर घड्याळ चालत नाही, भरती चालते.

भरती काढायला कोकणात जुना हिशोब आहे तो शिकून घ्या, तिथीला पाऊण ने गुणायचं. आज चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती आणि तशीच रात्री तीनला. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. यात तासाभराचा फरक पडू शकतो आणि ठाणे खाडीच्या आतल्या टोकाला पाणी कुलाब्यापेक्षा उशिरा चढतं, म्हणून निघायच्या आधी भरतीच्या ॲपवर एकदा बघून घ्याच. पण अंदाज कॅलेंडरवरूनच येतो. म्हणजे गणेश चतुर्थीला प्रतिष्ठापना, आरती, मोदक उरकून बाराच्या सुमारास निघालात तर एकदम बरोबर वेळेला पोचता, कारण पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास हा खरा खेळ. पाणी चढत येतं, चिखल आक्रसत जातो आणि पक्षी खात खात आपोआप तुमच्याकडे सरकतात, तुम्ही फक्त गप्प बसायचं. भरती पूर्ण झाली की ते उठून मिठागरांच्या बांधावर नाहीतर एखाद्या कोरड्या जागी जाऊन एका पायावर झोपतात. अष्टमीच्या आसपास, ज्याला भांग म्हणतात, तेव्हा पाणी धड चढत नाही धड उतरत नाही, त्या दिवशी फार अपेक्षा ठेवू नका. उधाणाचे दिवस, म्हणजे अमावास्या-पौर्णिमा आणि पुढचे दोन-तीन दिवस, धरा.

उजेडाचंही बघा. ठाणे खाडीच्या भांडुप-विक्रोळीच्या बाजूने तुम्ही पूर्वेकडे तोंड करून उभे राहता, सकाळी सूर्य सरळ डोळ्यात, सगळे पक्षी काळे. ऐरोलीच्या बाजूने उलट, तिथे सकाळ चांगली. ही खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, खारफुटीत आणि चिखलात वाटेल तिथून घुसायचं नाही, कुठे जायला परवानगी लागते ते आधी विचारा. आणि चिखल दिसतो तसा नसतो हां, गुडघ्यापर्यंत पाय गेला की चप्पल तिथेच राहते, कधीकधी माणूसही अडकतो. बांधावरून बघा.

मुंबईत नसाल तर अलिबागजवळचं आक्षी. सुरूचं बन, पुढे लांबलचक किनारा. तिथे सप्टेंबरात सँडरलिंग दिसले तर बघत बसा, लाट मागे गेली की तिच्या मागे धावायचं, टोचायचं, लाट आली की पाय भिजायच्या आत उलटं पळायचं, शाळेची पिकनिक समुद्रावर नेली की पोरं करतात तस्संच. फक्त विसर्जनाच्या दिवशी किनाऱ्यावर जाऊ नका, पक्षी पण दिसत नाहीत आणि पार्किंग पण मिळत नाही.

पुणेकरांसाठी एक सूचना, भिगवणला एवढ्यात पळू नका. पावसाळ्याच्या शेवटी उजनी भरत आलेली असते, काठ पाण्याखाली, पक्ष्यांना उभं राहायला जागाच नाही. मी एकदा तिघांना आग्रहाने घेऊन गेलो होतो, दिवसभर पाणी बघितलं, मासे खाल्ले आणि परत आलो, ते अजून ऐकवतात. त्यापेक्षा मुळा-मुठेवर कवडीला जा, धरणातून पाणी सोडलेलं नसेल तेव्हा. किंवा गावाकडे असाल तर भातखाचरं, रस्त्याकडेची डबकी, पाझर तलावाची कड. तिथेही तुतवाऱ्या, म्हणजे सँडपायपर, असतात, कोणी बघत नाही एवढंच.

ओळखायचं कसं? सगळ्यात आधी रंग विसरा. रंग या महिन्यात फसवतो, अर्धा जुना अर्धा नवा. मी आधी चाल बघतो. जो पक्षी पळतो, गपकन थांबतो, टोचतो, परत पळतो तो चिखल्या, म्हणजे प्लोव्हर. चोच आखूड, डोळे मोठे, डोळ्याने शिकार शोधतो. जो मान खाली घालून शिलाई मशीनसारखा टकटक टकटक चिखलात चोच खुपसत चाललाय तो चोचीच्या टोकाने शोधतोय, तो पाणटिवळा, म्हणजे लांब चोचीचा गॉडविट, असेल किंवा त्या गोतावळ्यातला दुसरा कोणी. मग आकार, आणि तो सेंटिमीटरमध्ये नाही तर आपल्या पक्ष्यांत मोजायचा. चिमणीएवढा का, साळुंकीएवढा का, कावळ्यापेक्षा मोठा का. चिमणीएवढा आणि सतत लगबगीत म्हणजे बहुतेक लिटल स्टिंट. कावळ्यापेक्षा मोठा आणि खाली वळलेली कोयत्यासारखी चोच म्हणजे कोरल, इंग्रजीत कर्ल्यू. मग डोक्याच्या तुलनेत चोच केवढी, मग पायाचा रंग, आणि उडाला की पंखावर पांढरं कुठे दिसतं. लाल पायाचा टिलवा उडाला की पंखाची मागची कड पांढरीशुभ्र, आणि उडताना असा ओरडतो की सगळी खाडी जागी करतो, म्हणून बाकीच्यांचा तो वॉचमन.

सुरुवात एकाच पक्ष्यापासून करा, साधी तुतारी, तुतवार पण म्हणतात. हिमालयातच वीण करते त्यामुळे लवकर येते, आणि कुठेही येते, जेट्टीवर, नाल्याच्या कठड्यावर, धरणाच्या दगडांवर. साळुंकीपेक्षा किंचित लहान, वरून तपकिरी, खालून पांढरी. ती उभी असली तरी तिचं बूड स्वस्थ बसत नाही, सारखं वर-खाली वर-खाली, स्प्रिंग लावल्यासारखं. खांद्यापाशी छातीवरचं पांढरं पंखाच्या वर चढलेलं दिसतं, आकड्यासारखं. उडते तेव्हा पाण्याला चिकटून, पंख ताठ, थरथर थरथर आणि मग जरा तरंगत. एक अख्खा रविवार हिच्यावरच घालवा, मनापासून सांगतो. ही पाठ झाली की ठिपकेदार तुतारी वेगळी वाटायला लागते, पाय लांब पिवळसर, भुवई पांढरी ठळक, आणि हिरवी तुतारी उडाली की पंखाखाली एकदम काळी आणि शेपटीवर पांढरी फटक. आधी पंचवीस जातींचा चार्ट घेऊन बसलात तर पहिल्याच दिवशी वैताग येईल. आणि नाही ओळखला तर नाही ओळखला, मी आजही बरेच ठिपके 'कोणीतरी छोटा चिखल्या' म्हणून सोडून देतो.

रानाचं गणित वेगळं. या दिवसांत झाडी इतकी दाट असते की पक्षी ऐकू येतो आणि दिसत नाही, मानेला मात्र रग लागते. म्हणून आत घुसू नका, कडेला थांबा. सिंहगडाच्या पायथ्याची दरी, संजय गांधी उद्यान, कर्नाळा, कुठेही असाल तरी उत्तम वेळ म्हणजे सर येऊन गेली आणि ऊन पडलं ती पहिली वीस मिनिटं. पक्षी पिसं वाळवायला उघड्या फांद्यांवर येतात, किडेही बाहेर पडतात. लोक तेव्हा टपरीवर चहा पीत असतात, तुम्ही पिऊ नका, नंतर प्या.

दुसरी युक्ती म्हणजे मिश्र थवा. पंधरा मिनिटं काही म्हणजे काही नसतं आणि अचानक एका झाडावर कोतवाल, निखार, वटवटे, माशीमार सगळे एकदम येतात, एकमेकांच्या हालचालीने उडालेले किडे टिपत पुढे सरकतात. थव्याच्या मागे धावू नका, तो कुठल्या दिशेने चाललाय बघा आणि पुढच्या मोकळ्या जागेत आधीच जाऊन उभे राहा. सप्टेंबरात अशाच थव्यात उत्तरेकडून आलेला हिरवट वटवट्या सापडतो, अंगठ्याएवढा, पानाच्याच रंगाचा. दिसायच्या आधी ऐकू येतो, दोन अक्षरी तीक्ष्ण 'चि-स्ली', तो एकदा कानात बसला की सोसायटीतल्या आंब्यावरही ऐकू येतो आणि मग मार्चपर्यंत पाठ सोडत नाही. ओढ्यावर करडा धोबी दिसला, पिवळं बूड आणि लांब शेपटी हलवत, की समजायचं रानातला हंगाम सुरू झाला. नवरंग मात्र या वेळी फसवतो, जूनमध्ये शिट्ट्या मारून डोकं उठवणारा पक्षी आता मुका, दक्षिणेकडे निघायच्या तयारीत, पालापाचोळ्यात उड्या मारताना दिसला तर नशीब.

आणि मग वाटसरू. हे आपल्याकडे राहत नाहीत, आफ्रिकेला जाता जाता सप्टेंबर-ऑक्टोबरात फक्त टेकतात. यांच्यासाठी जंगल नको, माळरान हवं, विजेच्या तारा, बाभळी. युरोपीय नीलपंख, ठिपकेदार माशीमार असे. कच्छमध्ये यांची जत्रा असते, आपल्याकडे कमी, पण पुणे-नगरच्या माळावर तारेवरचा प्रत्येक नीलपंख नीट बघा. आपल्या नेहमीच्याच्या छातीवर तपकिरी असते, त्या पाहुण्याची छाती आणि डोकं सगळं निळं.

सामानाचं थोडक्यात. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची, त्याहून मोठ्या आकड्याच्या नादाला लागू नका, हात थरथरतो आणि ढगाळ उजेडात अंधार दिसतो. रेनकोट पिवळा-लाल नको. मी तर काळी छत्री वापरतो, उघडून समोर धरली की आडोसाही होतो. रानात गोचिडी असतात, पँट मोज्यात खोचा, फॅशन राहू दे.

फोटोसाठी थवा उडवू नका, हे मी चिडून सांगतोय. हे पक्षी हजारो किलोमीटर उडून आलेत, अंगावरची चरबी संपलेली, काहींना अजून पुढे जायचंय. २०२२ मध्ये एक बार-टेल्ड गॉडविट, पाणटिवळ्याचाच भाऊबंद, अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत १३,५६० किमी न थांबता उडाला, त्याच्या अंगावरच्या ट्रान्समीटरवरून ते कळलं. असल्या पाहुण्याला भरल्या ताटावरून उठवायचं का, दगड मारून? पक्षी खायचा थांबून मान वर करून तुमच्याकडे बघायला लागला की तुम्ही जास्त जवळ आलात, तिथूनच मागे या. रानात मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं तेही नको. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप ऐकायला वापरा, पण पावसाळ्यात बेडूक आणि रातकिड्यांच्या गोंगाटात ते काहीही सांगतं, डोळ्याने बघितल्याशिवाय यादीत लिहू नका. यादी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर टाका, तारीख-वेळेसकट, भरतीची स्थितीही लिहा, पुढच्या वर्षी तुम्हालाच कामाला येते.

एखाद्याच्या पायात रंगीत पट्टी दिसली तर लॉटरी. कुठल्या पायात, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर का खाली, रंग कोणता, त्यावर अक्षरं-आकडे काय, सगळं जागेवरच लिहा, घरी जाईपर्यंत डावा-उजवा विसरतोच. मग बीएनएचएसला, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा, ते १९२७ पासून पक्ष्यांना कडी घालतायत.

आणि घरी आलात की पोटपूजेच्या आधी दुर्बीण पुसून पंख्याखाली ठेवा, वाळली की डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. माझी पहिली दुर्बीण मी तशीच ओली बॅगेत ठेवली होती गौरी जेवणाच्या गडबडीत, अनंत चतुर्दशीला काढली तर आत बुरशीची जाळी, दोन्ही भिंगांना.