लिफ्ट केलेली जिम्नी-थार रस्त्यावर डुलते? पार्ट मागवण्याआधी हे तपासा

गाडी दोन इंच उचलली, मोठे टायर टाकले, फोटो झकास आले, आणि मग हायवेला लागल्यावर कळतं की गाडी सरळ जायलाच तयार नाही, सारखं स्टेअरिंग सावरत बसावं लागतंय. अशा वेळी बरेच जण थेट जाडजूड स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा छोटा शॉकअप) मागवतात कारण कोणीतरी सांगितलेलं असतं. माझं विचाराल तर डॅम्पर सगळ्यात शेवटी. तो थरथर दाबून टाकतो, मूळ दुखणं खाली तसंच राहतं. लिफ्ट केली की खालच्या जवळपास प्रत्येक दांड्याचा अँगल बदलतो, आणि आजार बहुतेक वेळा त्या अँगलमध्ये नाहीतर एखाद्या ढिल्या बोल्टमध्ये सापडतो.

सुरुवातीला आपली गाडी कुठल्या जातीची ते बघा. जिम्नी आणि जुनी जिप्सी यांना पुढे सलग ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) आहे, जिम्नीला कॉइल स्प्रिंग आणि जिप्सीला पाटे. २०२० नंतरच्या थारला पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र, मागे मात्र सलग ॲक्सल. त्यामुळे जिम्नीवाल्याचा इलाज थारवाल्याने ऐकून उपयोग नाही.

आधी फुकटची कामं

मुळशी-लोणावळ्याकडे चिखलात जाऊन आलात आणि दुसऱ्या दिवशी ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागलं तर पहिल्यांदा रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. लाल माती वाळून थापली गेली की बॅलन्सिंगची वाट लागते. पाण्याचा जोरदार फवारा मारा, अर्धी गर्दी इथेच कमी होते. मग हवा. ट्रॅकवर कमी केलेली हवा परत भरली का, आणि दोन्ही बाजूला सारखी आहे का ते थंड टायरवर बघा, डावी-उजवी तीनचार पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढू शकते. आणि हसू नका, पण फोर व्हील ड्राइव्ह चुकून लागलेली राहिलीय का तेही बघा. कोरड्या डांबरावर ती लागलेली असली की वळताना गाडी अडखळते आणि माणूस बिचाऱ्या सस्पेन्शनला शिव्या घालतो.

गाडी उभी असताना मापं घ्या

सपाट जागा, टाकीत नेहमीएवढं पेट्रोल-डिझेल, सामान काढलेलं. चारही चाकांच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून माप लिहून ठेवा. पुढच्या डाव्या-उजव्यात बोटभर फरक असेल तर स्प्रिंग नीट बसलेली नाही, किंवा डावी-उजवी अदलाबदल झालीय.

जिम्नीत अजून एक करायचं. सुतळीला जड नट बांधून ओळंबा करा, मडगार्डच्या कडेवरून खाली सोडा आणि टायरच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूला मोजा. लिफ्टनंतर पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला चासीशी आडवा धरून ठेवणारा दांडा) तिरका होतो आणि अख्खा ॲक्सल एका बाजूला ओढतो. थोडासा फरक चालतो, पण डोळ्यांना दिसण्याइतका असेल तर लांबी बदलता येणारा रॉड घ्या. स्टेअरिंग वाकडं ठेवल्यावर गाडी सरळ जात असेल तर तो ड्रॅग लिंकच्या (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) ॲडजस्टमेंटचा विषय, तो साधा आहे, त्यासाठी स्टेअरिंग व्हील काढून फिरवून बसवू देऊ नका.

आता एकाला आत बसवा आणि तुम्ही खाली वाका

सगळ्यात जास्त माहिती ही एकच तपासणी देते. चारही चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले, इंजिन चालू. आतल्या माणसाला स्टेअरिंग थोडं डावीकडे थोडं उजवीकडे असं भरभर हलवायला सांगा, पूर्ण फिरवायचं नाही. तुम्ही बाजूने टॉर्च मारून एकेक जोड बघा. पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोकं, ड्रॅग लिंक, टाय रॉडचे (पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणारा दांडा) एंड, स्टेअरिंग बॉक्स चासीला जिथे बसतो ती जागा. रॉड हलायच्या आधी त्याचा बोल्ट जर भोकात सरकताना दिसला, किंवा टक् असा आवाज बोटाला जाणवला, तर चोर सापडला. बोट फक्त जोडाच्या बाहेरच्या कडेला टेकवायचं, दोन पार्टच्या मध्ये घालायचं नाही. बोल्ट आवळून पुन्हा बघा, भोकच लांबट झालं असेल तर आवळून काही होणार नाही.

मग पुढचं चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जायचं नाही. चाक वर-खाली धरून हलवलं आणि प्ले (ढिलेपणा) आला तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खुंटी), थारमध्ये बॉल जॉइंट. डावीकडे-उजवीकडे धरून आला तर टाय रॉड. कोणीतरी ब्रेक दाबून धरल्यावर वर-खालीचा प्ले गायब झाला तर बेअरिंगवर संशय घ्या.

थारवाल्यांनी इथेच पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या एक्सलच्या रबरी बूटवर हात फिरवावा, उंची वाढल्याने ते जास्त वाकतात, फाटून ग्रीस उडालं असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसतात. स्पीडब्रेकर उतरताना पुढून ठक् येत असेल तर शॉकअप पूर्ण लांबून थांबतोय, स्पेसर घालून केलेल्या स्वस्त लिफ्टमध्ये हे फार होतं.

चालवताना काय जाणवतं

गाडी तरंगल्यासारखी वाटते आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही, जिम्नीत हे झालं की कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी झालाय समजा. उचलल्यावर पुढचा ॲक्सल गोल फिरतो म्हणून असं होतं, यावर कॅस्टर करेक्शनचे बुश मिळतात. ठराविक स्पीडला बारीक थरथर म्हणजे बॅलन्सिंग. थरथर सीटखाली लागते आणि ॲक्सिलरेटर सोडल्या-दाबल्यावर बदलते, तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून ॲक्सलला ताकद नेणारा दांडा) अँगल किंवा त्याचा क्रॉस, म्हणजे जोड. खड्ड्यानंतर गाडी दोनतीनदा झुलत राहिली तर शॉकअप गेला, किंवा नवीन स्प्रिंगला जुना शॉकअप पुरत नाही.

आणि खड्डा किंवा पुलाचा जोड लागल्यावर अख्खं स्टेअरिंग हातातून सुटेल असं डावं-उजवं आपटायला लागलं, तर तो सलग ॲक्सलवाल्यांचा कुप्रसिद्ध डेथ वॉबल. स्टेअरिंगशी कुस्ती खेळू नका, घट्ट पण शांत धरा, ॲक्सिलरेटर सोडा, हळूहळू वेग उतरू द्या. त्यानंतर गाडी तशीच पुढे दामटायची नाही, वरची हलवून बघायची तपासणी तिथेच परत करायची.

गॅरेजला काय विचारायचं

लिफ्ट करताना रबर बुशचे (दांड्यांच्या टोकाच्या रबरी जोडांचे) बोल्ट गाडी हवेत असतानाच फुल आवळले का? बरेच फिटर घाईत तेच करतात. मग गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं राहतं, राइड कडक लागते आणि बुश लवकर फाटतात. बोल्ट ढिले करा, गाडी चाकांवर उभी करा, हलवा आणि मग टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळा. नट आणि बोल्टवर मिळून पांढऱ्या मार्करची एक रेघ ओढून ठेवा, पाचशे किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरलाय.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, प्ले काढल्यावर. जिम्नीत मशीनवर फक्त टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) सेट होतो, कॅस्टर नुसता वाचता येतो, त्यामुळे पोरगं "सगळं ओके आहे सर" म्हणालं तरी प्रिंट मागा आणि डाव्या-उजव्या कॅस्टरचे आकडे कंपनीच्या मापाशी ताडून बघा.