वाचनात-लेखनात अडणारं मूल: घरी आणि वर्गात या चुका टाळा

दादरला मी अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडणाऱ्या मुलांचे रेमेडियल (उपचारात्मक) वर्ग घेते. पहिली चाचणी झाली की पालकांचे फोन सुरू होतात आणि पहिलं वाक्य बहुधा हेच असतं: "मॅडम, तोंडी विचारलं की सगळं येतं, पेपरात मात्र काही लिहीत नाही. आळशी आहे हो."

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. मुलगा हुशार, खेळात चपळ, पण त्याला वाचता येत नव्हतं. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं म्हणणं होतं. फोनवरच्या आईचं वाक्य आणि हे वाक्य एकच आहे. तेव्हा 'आळशी' हा शब्द आधी घरातून काढून टाका, कारण पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच निघतात. आळस म्हटलं की शिक्षा सुचते, ट्यूशन सुचते, जास्तीचा सराव सुचतो.

दहा वेळा लिहून घेणं

ही चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या वर्षांत चौथीतल्या एका मुलाला 'विद्यार्थी' हा शब्द दहा वेळा लिहायला सांगितला. पहिले तीन बरोबर होते, चौथ्यात रफार हरवला आणि पुढचे सहा त्याने वरच्या चुकलेल्या शब्दावर बघून उतरवले. दहा ओळींनंतर त्याच्या हाताला चुकीचा शब्द पाठ झाला होता. वर मी त्यावर लाल पेन फिरवला. त्या मुलाचा चेहरा अजून आठवतो.

तो शब्द त्याच्या जागी बसून वाचून बघा. 'वि' मध्ये वेलांटी कानाला व्यंजनानंतर ऐकू येते, पण कागदावर अक्षराच्या आधी काढलेली दिसते. 'द्या' मध्ये दोन व्यंजनं एकमेकांत अडकलेली. 'र्थी' मधला र आधी उच्चारायचा, पण लिहायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचनातल्या अक्षमतेचं, मूळ बहुतेक मुलांमध्ये डोळ्यांत नसतं, शब्दातले ध्वनी सुटे करून ओळखण्यात असतं. असं मूल नुसतं बघून दहा वेळा उतरवतं तेव्हा ध्वनी आणि चिन्ह यांची गाठ पडतच नाही.

मग करायचं काय? शब्द आधी कानाने फोडायचा. वि, द्या, र्थी अशा तीन टाळ्या. मग मधल्या तुकड्यात काय काय ऐकू आलं ते विचारायचं: द्, य आणि आ. त्यानंतर पुठ्ठ्याच्या अक्षरांनी तो शब्द मांडायचा, बोट फिरवत मोठ्याने म्हणायचा आणि शेवटी न बघता एकदाच लिहायचा. चुकला तर लगेच, त्याच तुकड्यावर थांबायचं. ध्वनी, दृष्टी आणि हाताची हालचाल एकत्र आणून पायरीपायरीने शिकवण्याची ही रीत १९३० च्या दशकात अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युअल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून पुढे आली. ध्वनी-अक्षरांचं नातं उघड करून आणि क्रमाने शिकवलं तर वाचन सुधारतं, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीनेही २००० साली अनेक अभ्यास तपासून मांडलं. रोज वीस मिनिटं पुरतात. रविवारी सलग दोन तास बसवून तेवढं पदरात पडत नाही.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावी. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या संशोधनात दिसलं की अक्षरांचा पूर्ण संच पक्का व्हायला प्राथमिक शाळेची बरीच वर्षं जातात. आपली लिपीही त्याच घडणीची आहे. दुसरीतल्या मुलाचं एखादं जोडाक्षर अडलं की घाबरू नका, पण चौथीत साधी बाराखडी डगमगत असेल तर थांबूही नका.

धडा वाचतो, म्हणजे वाचता येतं?

काही मुलं धडा घडाघडा म्हणतात, कारण तो ऐकून पाठ झालेला असतो. खात्री करायची तर अर्थ नसलेले शब्द द्या: टमकू, गिशोप, लावुने. इथे मूल अडखळलं किंवा ओळखीचा जवळचा शब्द ठोकून मोकळं झालं, तर ते अंदाजाने वाचतंय. उलट एखादं मूल मराठी अचूक वाचतं, पण एका परिच्छेदाला दहा मिनिटं घेतं आणि शेवटी विचारलं तर काहीच सांगता येत नाही. तिथे गाडं वेगात अडलेलं असतं. अशा मुलाला 'मनातल्या मनात वाच' म्हणून सोडून देऊ नका. शेजारी बसा, तोच छोटा उतारा तीन-चार दिवस मोठ्याने वाचून घ्या आणि अडलेला शब्द तिथल्या तिथे सांगा.

मुंबईत घरी मराठी आणि शाळा इंग्रजी हे चित्र इतकं सर्रास आहे की मुलाची तपासणी फक्त इंग्रजीतच होते. इंग्रजीत चुका चटकन दिसतात, मराठीत संथपणा दिसतो, म्हणून दोन्हीकडे बघायला हवं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली डिस्लेक्सिया तपासण्याची 'डाली' चाचणी मराठीतही आहे, तिच्याबद्दल मानसशास्त्रज्ञांना विचारा. आणि 'गोंधळ नको' म्हणून घरातलं मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. आजीशी बोलणं मात्र तुटतं.

आठ वर्षांचा होऊ दे

परीक्षेतल्या सवलतींसाठी लागणारं विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळतं आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी लागते, हे खरं. पण नियम प्रमाणपत्राचा आहे, शिकवण्याचा नाही. पहिलीत यमक जुळत नाही, 'कमळ' मधलं पहिलं अक्षर काढून काय उरलं ते सांगता येत नाही, तर त्याच आठवड्यात कानाचे खेळ सुरू करा. वाट बघण्यात गेलेली दोन वर्षं नंतर फार महाग पडतात, कारण तोवर वर्गातली बाकीची मुलं वाचून वाचून पुढे गेलेली असतात.

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणीला जाताना मुलाच्या सध्याच्या वह्या आहेत तशा न्या. आईने दुरुस्त केलेल्या, रबराने खोडून नीटनेटक्या केलेल्या वह्या नकोत. डोळे आणि कान आधी तपासून घ्या. एका फेरीत काम होत नाही, तेव्हा मनाची तयारी ठेवा.

पंचवीस म्हटलं, बावन्न लिहिलं

गणितातली ही चूक बेफिकिरीची समजली जाते. पण मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी. 'एकोणतीस' तर तिसाचं नाव घेऊन विसाच्या घरात राहतो. जर्मनमध्येही एकक आधी बोलतात आणि तिथल्या मुलांच्या अशाच उलटापालटीवर संशोधन झालं आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा मोठा वाद झाला. माझं मत स्पष्ट आहे: डिसकॅल्क्युलिया, म्हणजे गणितातली अक्षमता, असलेल्या मुलासाठी ती गरजेची पायरी आहे. 'वीस पाच' म्हणत दोन दहाच्या नोटा आणि पाच नाणी हातात मोजू द्या, मग त्याच नोटा-नाण्यांचं चित्र काढू द्या, मग आकडा. 'पंचवीस' हे नाव त्यानंतर जोडा. पाढे येईनात म्हणून गणितच थांबवू नका. पाढ्यांचा तक्ता समोर ठेवून शाब्दिक उदाहरणं सोडवू द्या.

रंगीत काचांचे चष्मे, खास फॉन्ट, 'हा दृश्य पद्धतीने शिकणारा आहे' असली लेबलं यांवर पैसे घालवू नका. वाचन सुधारण्याचा भक्कम पुरावा यांच्यामागे नाही.

सवलत मिळाली, आता सुटलो

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांमध्ये अध्ययन अक्षमतेचाही समावेश केला. जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर या गोष्टी मुलाचा हक्क आहेत, त्या मागताना ओशाळू नका. दहावीसाठी शाळेमार्फत मंडळाकडे जाणारे कागद वर्षाच्या सुरुवातीलाच हलवा. पण सवलतीमुळे पेपर सोडवता येतो, वाचन शिकवलं जात नाही. प्रमाणपत्र हातात आलं की रेमेडियल बंद करणारे पालक मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी वाईट वाटतं.

लेखनिक तर परीक्षेच्या दिवशीच पहिल्यांदा भेटतो. मूल बोलायला लागतं, लेखनिक मागे पडतो, मूल थांबतं आणि धागा सुटतो. सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. दिवाळीच्या सुट्टीपासून आठवड्यातून दोनदा घरच्या कुणाला तरी लेखनिक म्हणून बसवा. आधी मुलाने कच्च्या कागदावर चार मुद्दे शब्दांत किंवा चित्रांत मांडायचे. मग एकेक वाक्य पूर्ण सांगायचं, लेखनिकाने मान हलवली की पुढचं. पूर्णविराम कुठे, नवा परिच्छेद कुठे, हेही मुलानेच सांगायचं. लिहिणाऱ्याने स्वतःचा एकही शब्द घालायचा नाही, ताईला उत्तर येत असलं तरी. शेवटची पाच मिनिटं लिहिलेलं परत वाचून घ्यायला राखून ठेवा.